दगा देणारा एलईडी टॉर्च: दोष कसा शोधायचा आणि तो भरवशाचा कसा करायचा

थापटल्यावर पेटणारा, धक्का लागला की मोड बदलणारा, दहा मिनिटांत काजव्यासारखा होणारा टॉर्च बहुतेक घरांत एखादा तरी असतोच. दुकानात नेला तर ‘एलईडी गेला’ असं सांगतात आणि तो भंगारात जातो. खरं म्हणजे एलईडी जाणं ही शेवटची शक्यता. स्वस्त टॉर्चचे बहुतेक दोष सेल, मागचं बटण आणि जिथे धातूला धातू टेकतो त्या जागांमध्ये असतात. म्हणून कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते काढायचं. त्याला पंधरा मिनिटं आणि एक साधा मल्टीमीटर पुरतो.

हा लेख प्रामुख्याने एका १८६५० सेलवर (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल) किंवा तीन ट्रिपल-ए सेलवर चालणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या झूम टॉर्चबद्दल आहे. शेवटी घरोघरच्या, थेट प्लगात लावून चार्ज होणाऱ्या प्लॅस्टिकच्या टॉर्चबद्दलही लिहिलं आहे. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा पाणी द्यायला जाताना बहुतेकांच्या हातात तोच असतो.

काय लागेल

डिजिटल मल्टीमीटर, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरणीचा कापूस, खोडरबर, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, टोकदार चिमटा, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप), हीट सिंक पेस्ट, सिलिकॉन ग्रीस आणि ४.७ ओहम ५ वॅटचा एक सिमेंटचा रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं.

वीज कुठून कुठे जाते

सेलच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला किती प्रवाह द्यायचा ते ठरवणाऱ्या सर्किटच्या, स्प्रिंगमधून ड्रायव्हरच्या बोर्डात जातो, तिथून एलईडीत आणि परत बोर्डात. मग बोर्डाच्या कडेने तो ज्या धातूच्या वाटीत बोर्ड बसवला आहे तिच्यात उतरतो. या वाटीला पिल म्हणतात. पिलच्या आट्यांतून नळीत, नळीच्या मागच्या कडेवरून शेपटीच्या झाकणात, बटणातून मागच्या स्प्रिंगमध्ये आणि शेवटी सेलच्या ऋण टोकावर. म्हणजे नळी ही नुसतं आवरण नाही, ती वायरचंच काम करते. या वाटेत नुसते टेकलेले सांधे सहा तरी आहेत, आणि सोल्डर केलेला त्यातला एकही नाही.

सांधा थोडा खराब असला तर काय बिघडतं, तेही पाहा. कामावर असलेला लिथियम सेल साधारण ३.७ व्होल्ट देतो. पांढऱ्या पॉवर एलईडीला एक अँपिअरला ३ ते ३.१ व्होल्ट लागतात. उरले जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट, आणि त्यातच ड्रायव्हरचं भागवायचं असतं. गंजलेल्या स्प्रिंगचा रोध ०.२ ओहम असेल तर एक अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच गेले. दोन सांधे असे निघाले की टॉर्च मंद. साध्या मल्टीमीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, त्यामुळे कंटिन्युइटीची (जोड सलग आहे का ते तपासायच्या सेटिंगची) ‘पीं’ वाजली म्हणजे सांधा चांगला, असं समजू नका. ती पीं वीस-तीस ओहमलाही वाजते.

पहिली पायरी: सेल

नुसता व्होल्टेज मोजून सेल कळत नाही. पूर्ण भरलेला १८६५० सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, निम्मा भरलेला सुमारे ३.७, पण मरतुकडा सेलही कामाला न लावता मोजला तर ४.१ दाखवतो. ४.७ ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना पाच सेकंद धरा आणि तेव्हाच मीटर लावा. सुमारे ०.८५ अँपिअर प्रवाह वाहतो. व्होल्टेज ०.१ ते ०.१५ ने उतरला तर सेल ठीक. ०.४ किंवा जास्त उतरला तर सेल बदला, पुढे काही उघडू नका. रेझिस्टर पटकन तापतो, तो पकडीत धरा.

वेष्टनावर ९९०० किंवा त्याहून मोठा मिलिअँपिअर-तासांचा आकडा छापलेला १८६५० सेल सरळ खोटा समजा. चांगल्या कंपनीचा सेल २६०० ते ३५०० चा असतो आणि त्याचं वजन ४४ ते ५० ग्रॅम भरतं. तीस ग्रॅमचा सेल हातात घेतल्याबरोबर हलका लागतो. स्वयंपाकघरातला काटा असेल तर दुकानातून आणल्या आणल्या वजन करा.

लांबीही बघा. साधा सेल ६५ मिलिमीटरचा, संरक्षण सर्किट असलेला ६८ ते ७० चा. लांब सेल कोंबून बसवला की स्प्रिंग दबून बसते आणि नंतर साधा सेल घातला की टेकत नाही. सपाट टोकाचा सेल काही ड्रायव्हरना टेकतच नाही. मध्ये चुंबक ठेवायचा उपाय बरेच जण सुचवतात, तो करू नका. चुंबक सरकला की धन टोक आणि त्याला लागून असलेली ऋण कडा शॉर्ट होते. त्यापेक्षा ड्रायव्हरच्या मधल्या पॅडवर सोल्डरचा उंच थेंब ठेवा किंवा छोटी स्प्रिंग लावा.

तीन ट्रिपल-एच्या टॉर्चला झिंक-कार्बनचे साधे सेल झेपत नाहीत. अर्धा अँपिअर मागितला की त्यांचा व्होल्टेज काही मिनिटांत बसतो. त्यात निकेल-मेटल-हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घाला. व्होल्टेज १.२ चा असला तरी ते तो टिकवून धरतात. सेल गळून होल्डरवर पांढरा-हिरवट थर बसला असेल आणि सेल अल्कलाइन असतील, तर कापसाने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा, फसफस थांबली की पाण्याच्या बोळ्याने पुसा, मग अल्कोहोल, मग वाळवा. मुलामा निघून लालसर लोखंड दिसत असेल तर ती स्प्रिंग संपली, तिथे नवा होल्डर घाला.

दुसरी पायरी: शेपटी बाजूला करून पाहा

सगळ्या निदानाची किल्ली हीच. मागचं झाकण काढा, सेल आतच राहू द्या. जाड तांब्याच्या वायरीचं एक टोक सेलच्या ऋण टोकावर आणि दुसरं नळीच्या उघड्या, चकचकीत कडेवर दाबा. रंगावर किंवा काळ्या अ‍ॅनोडाइझ्ड भागावर नको, तो थर वीज वाहू देत नाही.

टॉर्च स्वच्छ, स्थिर पेटला तर पुढचं सगळं ठीक आहे आणि दोष झाकणात आहे. वायर घट्ट धरूनही लुकलुकला किंवा पेटलाच नाही तर दोष पुढे, पिलमध्ये.

आता वायरीच्या जागी मल्टीमीटर लावून प्रवाह मोजा. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात, लाल टोक नळीच्या कडेवर, काळं सेलच्या ऋण टोकावर. एका सेलचा झूम टॉर्च पूर्ण उजेडावर साधारण ०.८ ते १.५ अँपिअर घेतो. मीटरच्या वायरींच्या रोधामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो. ०.३ च्या खाली आला आणि सेल आधीच पास झाला असेल तर ड्रायव्हर किंवा पिलचा सांधा धरा. मोजून झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. ते विसरून पुढच्या वेळी सेलचा व्होल्टेज मोजायला गेलं की मीटरमधून थेट शॉर्ट होतो.

तिसरी पायरी: शेपटीचं झाकण

आत दोन छोट्या भोकांची किंवा खाचांची चकती दिसेल. चिमट्याची टोकं त्यात घालून ती फिरवायची: डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट. आधी ती नुसती घट्ट करून पाहा. चकती सैल होऊन बटणाचा बोर्ड झाकणाला नीट न टेकणं हा एवढा नेहमीचा दोष आहे की कित्येक टॉर्च इथेच बरे होतात. लॉकटाइटने (आट्यांना लावायच्या गोंदाने) चिकटवलेली असेल तर झाकण पाच मिनिटं गरम पाण्यात धरा, मग फिरवा आणि आतलं पाणी पूर्ण वाळवा.

चकती निघाली की बोर्ड, बटण आणि रबरी टोपी बाहेर येतात. बोर्डाची तांब्याची कड आणि झाकणाच्या आतली बैठक खोडरबराने चोळा. झाकणातल्या बैठकीवर रंगाचा शिंतोडा असला तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढाच काढा. नळीच्या मागच्या कडेलाही तेच. आटे अल्कोहोलने पुसा. आट्यांत काळी पेस्ट निघते, ती झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची आणि जुन्या तेलाची असते.

बटण तपासायचं तर बोर्डाच्या स्प्रिंगपासून कडेपर्यंत रोध मोजा. वीसदा दाबा. प्रत्येक वेळी आकडा मीटरच्या वायरींइतकाच यायला हवा. एकदा ०.३, एकदा ४, एकदा ०.८ असा नाचला तर बटणाने आत कार्बन धरलाय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाकून पन्नासदा दाबलं तर काही महिने निभतं, पण नवीन बटण लावणंच बरं. १२ मिलिमीटर चौकोनी बटण सहज मिळतं. सोल्डर करताना प्रत्येक पायावर आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. आतलं प्लॅस्टिक मऊ होऊन बटण वाकडं बसतं आणि नवीन असूनही अडकतं.

इथवर आलातच तर स्प्रिंगला बायपास लावून टाका. स्टीलच्या स्प्रिंगचा रोध त्रासदायक असतो आणि जोराच्या प्रवाहात ती तापून मऊही पडते. बारीक, पुष्कळ तारांची, सिलिकॉनचं आवरण असलेली वायर घ्या. तिचं एक टोक स्प्रिंगच्या तळाशी पॅडवर आणि दुसरं स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यावर सोल्डर करा. वायर स्प्रिंगपेक्षा थोडी लांब हवी, म्हणजे दबताना ती आत दुमडते. पुढच्या स्प्रिंगलाही हेच करा. तासाभरात टॉर्चमध्ये करता येणाऱ्या सुधारणांत हिच्याइतकी फायद्याची दुसरी नाही.

चौथी पायरी: पिल

धक्का लागला की मोड बदलतो, हाय वरून लो, लो वरून फ्लॅशिंग, हे लक्षण नीट समजून घ्या. या टॉर्चमध्ये वीज क्षणभर तुटली की ड्रायव्हर त्याला ‘बटण अर्धं दाबलं’ असं समजतो. म्हणजे ड्रायव्हर चांगला आहे, फक्त वाटेत कुठेतरी मिलिसेकंदापुरता सांधा सुटतोय. झाकण दुरुस्त करूनही तसंच होत असेल तर सैल पिल हाच संशयित.

पुढचं डोकं फिरवून काढा, आत पिल दिसेल. तिच्या खाचांत बारीक पकडीची टोकं घालून उजवीकडे घट्ट पिळा. आटे आधी पुसून घ्या. पिलला नळीत खेळ असेल तर आट्यांवर बारीक तांब्याच्या तारेचा एक पदर ठेवून पिळलं की घट्ट बसते.

मग बोर्ड आणि पिलचा सांधा. स्वस्त टॉर्चमध्ये बोर्ड पिलमध्ये नुसता दाबून बसवतात आणि तो एखाद्या बिंदूवरच टेकतो. पिल पितळी असेल तर बोर्डाची कड तिला समोरासमोर दोन जागी सोल्डर करा. पितळ उष्णता पिऊन घेतं, २५ वॅटचा आयर्न तिथे पुरत नाही, ६० वॅटचा लागतो. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. तिथे बोर्डाच्या कडेला तांब्याच्या पत्र्याची चिंचोळी पट्टी सोल्डर करून ती पिल आणि बोर्डाच्या फटीत ठोकून बसवा.

एलईडी तपासायला त्याची एक वायर सोडवा आणि दोन डबल-ए सेल जोडून झालेले ३ व्होल्ट धन-ऋण बघून थेट पॅडवर टेकवा. पेटला तर एलईडी शाबूत, ड्रायव्हर गेला. रंग निळा-जांभळा दिसला तर एलईडीवरचा पिवळा थर (फॉस्फर) जळालाय किंवा सुटलाय, तो बदलावाच लागेल. आणखी एक फसवा दोष: धातूचा रिफ्लेक्टर घट्ट केला की टॉर्च बंद, सैल केला की चालू. रिफ्लेक्टरचा तळ एलईडीच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होतोय. मध्ये प्लॅस्टिकचं वायसर किंवा कॅप्टॉन टेप घाला.

तापणं

हातातली नळी दोन मिनिटांत कोमट झाली तर काळजी नको, ते चांगलं लक्षण आहे. नळी थंडगार आणि उजेड मात्र उतरतोय, हे वाईट, कारण उष्णता एलईडीखालीच कोंडते आहे. झूम टॉर्चची पिल बहुधा पोकळ असते आणि एलईडीचा तारा (एलईडी ज्यावर बसवलेला असतो ती ताऱ्याच्या आकाराची धातूची चकती) पांढऱ्या गोंदावर कडेकडेने चिकटवलेला असतो. तारा काढा, गोंद खरवडा, पिलच्या मापाची दीड-दोन मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची चकती खाली बसवा. चकतीच्या खाली-वर हीट सिंक पेस्टचा पातळ थर द्या. पेस्ट फक्त फटी भरायला असते, जाड थापली तर उष्णता अडते.

ड्रायव्हर बदलताना

फ्लॅशिंग आणि एसओएसला कंटाळलेल्यांनी एकाच मोडचा, एएमसी७१३५ या प्रवाह आवरणाऱ्या चिपांचा बोर्ड घालावा. अशी प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर देते. तीन चिपांना १.०५ अँपिअर, चारांना १.४, आठांना २.८. दुकानदार आठाचा देऊ करतो. पोकळ पिलच्या टॉर्चमध्ये तीन किंवा फार तर चार चिपांचाच घाला. १.४ अँपिअर म्हणजे एलईडीवर चार वॅटच्या वर, आणि त्यातला मोठा वाटा उष्णताच होते. प्रवाह दुप्पट केला तरी डोळ्याला उजेड दुप्पट दिसत नाही, सेल मात्र निम्म्या वेळात उतरतो. भरवसा हवा असेल तर प्रवाह कमीच ठेवायचा.

बोर्डाचा व्यास आधी पिलच्या आतून व्हर्नियरने मोजा. १७ मिलिमीटर सर्वांत प्रचलित आहे, पण झूम टॉर्चमध्ये त्याहून लहान-मोठेही निघतात. या बोर्डाला ६ व्होल्टच्या वर देऊ नका, दोन लिथियम सेलच्या टॉर्चला तो चालत नाही. वायर जोडताना एक जपा: एलईडीची काळी वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. ७१३५ चिप ऋण बाजूला बसून प्रवाह आवरते. काळ्या वायरीचा उघडा धागा पिलला टेकला तर चिप बाजूला पडते आणि सेल थेट एलईडीवर येतो. टॉर्च नेहमीपेक्षा प्रखर पेटतो, आपण खूश होतो, आणि थोड्याच वेळात एलईडी निळा पडतो.

पावसाळा

ओ-रिंगला (सांध्यातल्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसचा ओलसर हात फिरवा. खोबरेल तेल नको, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. एवढं करूनही सरकत्या डोक्याचा झूम टॉर्च पाण्यात टिकत नाही. डोकं मागे-पुढे केलं की तो हवेबरोबर पाणीही आत ओढतो. भर पावसात वापरायचा टॉर्च बिनझूमचाच घ्या.

प्लगात लावायचा घरगुती टॉर्च

यात ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते आणि चार्जरच्या नावाखाली एक कॅपॅसिटर, चार डायोड आणि एक-दोन रेझिस्टर. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे प्लगात असताना आतली बॅटरी, एलईडी, सगळं २३० व्होल्टला जोडलेलं असतं. प्लगात लावून उघडू नका आणि चार्ज होताना पेटवून हाताळू नका. प्लगातून काढल्यावर पिनांना लगेच हात लावू नका. कॅपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर तुटलेला असेल तर चांगलाच झटका बसतो.

हे टॉर्च वर्षा-दोन वर्षांत का बसतात त्याचा हिशेब सोपा आहे. कॅपॅसिटरवर १०५ लिहिलं असेल तर तो १ मायक्रोफॅरड, आणि त्यातून मिळतात ६५ मिलिअँपिअरच्या आसपास. ४७४ असेल तर त्याच्या निम्मेच. एक अँपिअर-तासाची रिकामी बॅटरी ६५ मिलिअँपिअरवर भरायला १६ ते १८ तास लागतात. लोक दोन तास लावतात, बॅटरी कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि क्षमता जाते. उलट, कट-ऑफ नसल्यामुळे आठवडाभर लावून ठेवली तर आतलं पाणी आटून ती फुगते. विजेच्या झटक्यांनी कॅपॅसिटरही हळूहळू खंगतो. मीटरवर १ मायक्रोफॅरडचा ०.४ दाखवत असेल तर बॅटरी नवी घालूनही उपयोग नाही. त्या जागी २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-टू लिहिलेला तेवढ्याच मापाचा कॅपॅसिटर घाला.

कायमचा उपाय म्हणजे आतलं सगळं काढून लिथियम सेल घालणं:

१. कॅपॅसिटरचा बोर्ड पूर्ण काढा आणि प्लगच्या पिनाही काढा. त्या चार्जरवर लिथियम सेल कधीही लावायचा नाही, पेट घेऊ शकतो. पिना नुसत्या तोडून वायरी आत ठेवल्या तर घरातलं कोणीतरी तो पुन्हा प्लगात लावतंच.

२. पट्ट्या वेल्ड केलेला १८६५० सेल किंवा सेल होल्डर घ्या. सेलवर थेट सोल्डर करू नका.

३. टीपी४०५६ चा (लिथियम सेल चार्ज करणाऱ्या चिपचा) सहा पॅडचा, संरक्षण असलेला बोर्ड घ्या. सेल बी-प्लस आणि बी-मायनसला, बटण-एलईडीच्या वायरी आउट-प्लस आणि आउट-मायनसला.

४. हा बोर्ड कारखान्यातून १ अँपिअरवर लावलेला येतो आणि बंद प्लॅस्टिकच्या पोटात फार तापतो. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा घाला, चार्जिंग सुमारे ५८० मिलिअँपिअरवर येतं.

५. एलईडीच्या वाटेतला जुना रेझिस्टर तसाच ठेवा. दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज जवळजवळ सारखा असल्याने तो चालतो.

६. यूएसबी-सीच्या काही स्वस्त बोर्डांत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर नसतात, ते दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल वापरा.

पहिलं चार्जिंग समोर बसून, फरशीवर ठेवून करा. लाल दिवा जाऊन निळा किंवा हिरवा लागला की सेलवर ४.२ व्होल्ट दिसायला हवेत. ४.२५ च्या वर दिसले तर बोर्ड बदला. संरक्षण सर्किट सुमारे २.४ व्होल्टला तोडतं, हे सेलच्या तब्येतीला उशिराच आहे, म्हणून उजेड मंदावला की टॉर्च बंद करून चार्जिंगला लावा. काढलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी द्यावी लागते. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा दुकानदार बहुधा जुनी बॅटरी ठेवून घेतो.